प्रोफाइल : पाहुणा

आमच्या घरातली दारं माणसाचं प्रोफाइल बघून उघडतात. घरच्या माणसाला सगळ्या खोल्या मोकळ्या, शेजाऱ्याला विरजणापुरतं स्वयंपाकघर, पाहुण्याला फक्त हॉल आणि न्हाणीघर. व्यवस्था चांगली आहे, माझी कधी तक्रार नव्हती.

वर्षभर चंद्रपूरला बदलीवर राहून मी परत आलो. वैजयंतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा विचारला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कशाला उगाच त्रास?" झालं! घरानं मला पाहुणा करून टाकलं. स्वयंपाकघराचं दार माझ्या नाकासमोर बंद झालं. त्यात पाहुण्याची मुदत रविवारच्या जेवणापर्यंतच. त्यानंतर निघायचं, आणि मग बाहेरचं दारही परत उघडत नाही.

प्रोफाइलं आमची आत्या सांभाळते. तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलंय, पण आता म्हणाली, "आपण बसा ना." प्रोफाइल बदलायचा अर्ज पाहुण्याकडून तिला घेता येत नव्हता. वैजयंतीनं दिला, तर तो परत आला. पाहुणा घरच्यासारखा वागल्याचा पुरावा हवा होता. मी लगेच कप विसळायला उचलला. तर म्हणे, असं पाहुणेच करतात. डोकंच फिरलं माझं.

भिंतीपलीकडे वैजयंती भांडी लावायची, तो आवाज ऐकून जीव कासावीस व्हायचा. आपल्याच घरात सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसायचं म्हणजे काय!

रविवारी बॅग दाराशी ठेवून मी पानावर बसलो. वैजयंती डोळे पुसत आग्रह करत होती. पाहुण्याशी दुसरं काही बोलायची तिलाही परवानगी नव्हती. आमटी झकास झालीय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग म्हटलं, मरू दे.

"आमटी अळणी आहे."

वैजयंतीनं डाव खाली ठेवला. माझ्याकडे नीट बघितलं.

"मग उठा आणि घ्या की मीठ. हात मोडलेत का?"

आत खट्कन कडी निघाली.

"उठलाच आहेस तर लिंबाची फोड आण रे मला," आत्या म्हणाली.

स्वयंपाकघरात मी मिनिटभर नुसताच उभा राहिलो. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मिठाचा डबा जिथल्या तिथे होता.

आमटीत मीठ खरं तर बरोबर होतं. तरी मी वरून चमचाभर घातलं आणि मुकाट्यानं आमटी भुरकली. जेवण झाल्यावर, बॅग अजून दारातच लोळतेय म्हणून मला पुन्हा बोलणी बसली.