नवी सॅक आणि सासऱ्यांची तंगडी

एक सॅक घ्यायची, एवढाच काय तो विषय होता. माणूस दुकानात जातो, पाठीला लावून बघतो, पैसे देतो आणि घरी येतो. मला याला सात आठवडे लागले. (आमचं लग्न पाच आठवड्यांत ठरलं होतं, पण तेव्हा निवड नोरीननं केली होती.)

मी मोन्टानात आमच्या काउंटीच्या कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटी देतो. सव्वीस वर्षं झाली. आमच्या गावात पोरं चालायला लागली की पुढच्याच वर्षी शिकारीच्या गोष्टी सांगायला लागतात. तिथे माझ्यासारखा खिडकीमागचा माणूस नोरीनच्या वडिलांचा जावई झाला, हे गावाला अजून नीटसं पटलेलं नाही. हार्लन, म्हणजे माझे सासरे, एल्कच्या शिकारीत मुरलेले. एल्क हे हरीणच, पण अंगानं घोड्याएवढं, आणि मरताना ते कधी रस्त्याकडेला मरत नाही. चार मैल आत, शक्यतो दरीच्या तळाशी जाऊन पडतं. मग तिथेच त्याचे भाग करायचे आणि एकेक तंगडी पाठीवर टाकून गाडीपर्यंत आणायची. हे काम हार्लन चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत करत होते. बंदूक त्यांच्याकडे, नाहीतर नोरीनकडे. माझ्याकडे सँडविचं.

गेल्या ऑक्टोबरात त्यांनी शेवटचा एल्क आणला. आमच्या गराजमध्ये चारी तंगड्या टांगल्या, तीन कापून झाल्या. चौथी, मागची, गुरुवारी कापतो म्हणाले. बुधवारी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. इस्पितळात जाताना त्यांनी नोरीनला फक्त तंगडीचं विचारलं. आम्ही ती जुन्या चादरीत गुंडाळून अख्खीच्या अख्खी डीप फ्रीझरमध्ये ठेवली, बाबा आले की कापतील म्हणून. बाबा आले नाहीत.

तेव्हापासून ती तंगडी तिथेच होती. नोरीन मटार काढायला झाकण उघडायची तेव्हा तिला हळूच बाजूला सरकवायची, झोपलेल्या माणसाला सरकवावं तशी. तिच्या भावानं एकदा "मी येऊन कापू का" असं विचारलं, तर त्यानंतर दोन महिने त्यांचं बोलणं बंद होतं. मी काही विचारलं नाही. मला ते माणूस गेल्याचं दुःख कळत होतं, आणि त्या दुःखानं अर्धा फ्रीझर अडवलाय हेही दिसत होतं, आणि हे दुसरं दिसतं याची मला लाज वाटायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी नोरीन म्हणाली, "या वर्षी मी जाणार आहे. बंदूक मी धरते. वाहायचं तू."

मी "बरं" म्हणालो. आमच्या घरात माझं हे पूर्ण वाक्य आहे.

हार्लन मांस पाठीवर ज्यावर बांधून आणत ती जुनी लाकडी चौकट नोरीनच्या भावानं आठवण म्हणून नेली होती आणि दिवाणखान्यात भिंतीला टांगली होती. म्हणून मला सॅक पाहिजे होती. आता अशा सॅकची अडचण अशी, की तिच्याकडून दोन उलट्या गोष्टींची अपेक्षा असते. दिवसभर ती लहान आणि मुकाट हवी, तिच्यात डबा, कोट आणि सुरी बसली की झालं. आणि संध्याकाळी त्याच सॅकनं साठ पौंड मांस उचलायला हवं. (थोडक्यात, नवऱ्याकडून असते तीच अपेक्षा.) मी अकरा रकान्यांचा तक्ता केला. कापडाचे तुकडे मागवले आणि नाश्त्याच्या टेबलावर एकेक तुकडा कानाशी घासून बघायला लागलो, कोणता जास्त खसखसतो ते.

"आवाज एल्कला ऐकू यायला नको आहे," नोरीन म्हणाली. "तुला आला तरी चालेल."

शेवटी दुकानात गेलो. तिथल्या रॉसनं सॅकमध्ये वाळूची पिशवी टाकली आणि मला गळांच्या आणि बुटांच्या मधून फेऱ्या मारायला लावल्या.

"वजन खांद्यावर नाही घ्यायचं काका, कमरेवर घ्यायचं," तो म्हणाला. "पट्टा कमरेला आवळा."

"आवळलाय."

"ती कंबर नाही. ते पोट आहे."

कंबर सापडल्यावर मात्र काम सोपं झालं. चौथी सॅक पाठीला अशी बसली की माझ्यापेक्षा तीच सरळ उभी होती. तिची चौकट आणि पिशवी यांच्यामध्ये एक फळीवजा जागा होती, मांस तिथे आवळून बांधायचं. रॉस म्हणाला तीस दिवसांत परत आणलीत तर घेऊ, फक्त रक्त लागलं की ती तुमची. आणि मी निघालो तेव्हा तो आणखी एक वाक्य बोलला. "वाळू गरीब असते काका, ठेवाल तिथं बसते. तंगडी ओढते. खरी परीक्षा तंगडीचीच."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. मी कारकून आहे, तपासल्याशिवाय मी कुठल्या कागदावर शिक्का मारत नाही.

मोसम ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सुरू होणार होता. त्याच्या आधीच्या शनिवारी नोरीन सकाळीच चर्चच्या जत्रेत पाय (फळं भरून भाजलेले, खायचे) विकायला गेली, ती दुपारपर्यंत येणार नव्हती. मी गराजमध्ये गेलो आणि फ्रीझरसमोर उभा राहिलो. पंधरा मिनिटं तरी उभा होतो, हे मी माझ्या बाजूनं नोंदवतो. तंगडी दगडासारखी गोठलेली होती. तासाभरात टेकडीवर जाऊन आलो तर तिला कळणारही नाही आणि नोरीनलाही नाही. शिवाय सॅक चुकीची निघाली आणि पुढच्या शनिवारी दरीत नोरीनला ते मांस स्वतः ओढावं लागलं, तर हार्लनच्या जागी मी काय म्हणून गेलो होतो? असा विचार करून मी चादर बाजूला केली. तंगडीच्या हाडाला शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी दोरीनं बांधलेली होती, त्यावर हार्लनचं नाव आणि तारीख. ती वाटेत कुठे पडू नये म्हणून मी सोडली आणि स्वयंपाकघरात चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये नीट ठेवली. (माझा काटेकोरपणा मला नेहमी असाच उपयोगी पडतो.)

सॅक फ्रीझरच्या झाकणावर ठेवून, तंगडी चादरीसकट तिला बांधून, मी पाठमोरा तिच्यात शिरलो. हार्लनचा म्हातारा कुत्रा टकर आता आमच्याकडे असतो, तोही मागून आला. गावामागच्या टेकडीवर गावाच्या नावाचं पहिलं अक्षर पांढऱ्या दगडांनी मोठं मांडलेलं आहे, तिथपर्यंत मी गेलो. खोटं सांगत नाही, छान गेलो. तंगडी डावीकडे ओढत होती, मी उजवीकडे झुकत होतो, आमचं जमलं होतं. गुरुवारी कापतो म्हणणारा तो माणूस माझ्या पाठीवर आहे असं मला एकदम वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्यासाठी काहीतरी वाहत होतो. मग मी दम खायला एका दगडावर टेकलो आणि पाठीवर उलटा पडलो.

उलटं पडलेल्या झुरळाला काय वाटत असेल ते मला त्या दहा मिनिटांत समजलं. शेवटी कमरेचा पट्टा सोडला, खांद्यांतून हात काढले आणि सॅक सरळ करायला गेलो, तर बांधलेल्या पट्ट्यांतून तंगडी सुटली. आधी हळू निघाली, मला वाटलं थांबेल. मग चादर मागे राहिली आणि तंगडी एकटी पुढे गेली. टकर तिच्यामागे, मी टकरमागे. ती खालच्या खडीच्या रस्त्यावर आली, दोन कोलांट्या घेतल्या आणि नेमक्या तिथून जाणाऱ्या एका पिकअपच्या चाकापुढे थांबली.

पिकअपमधून टॅमी उतरली. टॅमी आमच्या भागाची शिकार-निरीक्षक, आणि शाळेत नोरीनच्या वर्गात होती. तिनं तंगडीकडे बघितलं, तंगडीशेजारी बसलेल्या टकरकडे बघितलं आणि मग धापा टाकत येणाऱ्या माझ्याकडे.

"लायल," ती म्हणाली, "मोसम पुढच्या शनिवारी सुरू होतो."

"माहीत आहे."

"मग ही कुठली?"

"ही मागच्या वर्षीची."

"चिठ्ठी?"

"चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे."

"म्हणजे मागच्या वर्षीचा एल्क आज टेकडीवरून खाली येतोय."

"मीच त्याला वर नेलं होतं."

"कशाला?"

"सॅक कशी बसते ते बघायला."

"बावीस वर्षं मी लोकांची कारणं ऐकतेय," ती म्हणाली. "हे कारण खरंच असणार. रचून कोणी असलं सांगणार नाही. पण चिठ्ठी मला बघावी लागेल. तू बिनानंबरची गाडी सोडतोस का?"

"नाही सोडत."

"मग. कोणाच्या नावाची चिठ्ठी?"

"हार्लनच्या."

टॅमीनं टोपी काढली. मग वाकून तंगडीवरची खडी हातानं झाडली आणि आम्ही दोघांनी मिळून ती पिकअपच्या मागच्या फळीवर ठेवली.

"मी पळत जाऊन चिठ्ठी आणतो," मी म्हणालो. "नोरीनला फोन नको करूस. तुझे पाय धरतो."

"मला कुठे जाता येत नाही आणि तुलाही कुठे सोडता येत नाही. नियम आहे," टॅमी म्हणाली आणि तिनं चिठ्ठीचा निरोप द्यायला चर्चमध्ये फोन लावला. कोणीतरी सांगितलं की नोरीन पाय विकतेय, गर्दी ओसरली की निरोप देतो. गर्दी ओसरायला अडीच तास लागले. ऑक्टोबर असूनही त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की टॅमीनं जाकीट काढलं. फळीच्या कडेवरून एक लाल थेंब पडला, मग दुसरा. मी माझी टोपी तंगडीवर धरून उभा राहिलो. एवढ्या तंगडीला तेवढी टोपी कितीशी पुरणार.

नोरीन आली ती हातात चिठ्ठी घेऊन. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. चिठ्ठी टॅमीला दिली, तंगडीजवळ गेली आणि अंगठ्यानं दाबून बघितलं. अंगठा आत गेला.

"वरून दोन बोटंच नरम झालीय," टॅमी हळूच म्हणाली. "आत अजून दगड आहे."

"नाही," नोरीन म्हणाली. "एकदा नरम पडलेली तंगडी तशीच परत गोठवायची नाही, कापायची. बाबा कुणाला करू देत नसत."

"नोरीन, माझं चुकलं," मी म्हणालो. "मी एका तासात परत ठेवणार होतो. तुला न विचारता हात लावायला नको होता."

तिनं आणि टॅमीनं तंगडी आमच्या गाडीत ठेवली. घरी जाताना नोरीन गाडीत बोलली नाही, रविवारी बोलली नाही. तंगडी थंड गराजमध्ये टांगलेली होती आणि ती दर दोन तासांनी जाऊन बोटानं दाबून येत होती. मी सॅक घेऊन गराजच्या दाराशी बसलो होतो. टेकडीवर माझ्या पाठीच्या उबेनं तिला थोडं रक्त लागलं होतं, आता ती कायमची माझी होती, आणि ती मला डोळ्यांसमोर नको होती.

सोमवारी संध्याकाळी नोरीननं टेबलावर मेणकापड पसरलं आणि हार्लनची सुरी काढली. मी दारात उभा राहिलो.

"उभा काय राहतोस," ती म्हणाली. "धर."

मी खूर धरला. तिनं सांध्याशी पहिला काप दिला आणि थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं कोपरानं पुसलं आणि पुन्हा कापायला लागली. मग बोलायला लागली. नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला सांधा कसा शोधायचा ते शिकवलं होतं. डोळे मिटून शोध, म्हणाले होते, सुरीला ठाऊक असतं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. वर्षभर तिनं त्यांच्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्या रात्रीच्या जेवणापर्यंत ती सांगतच होती. पहिले तीन तुकडे आम्ही कांद्यावर लोण्यात परतले. तिसरा टॅमीचा, तिला नोरीननं मुद्दाम बोलावलं होतं. जेवण झाल्यावर टॅमी घरी गेली.

"मला वाटायचं, ही कापली की ते संपले," नोरीन ताट पुसत म्हणाली. "म्हणून हात लावत नव्हते. तू आगाऊपणा केला नसतास तर ती आणखी दहा वर्षं तशीच राहिली असती."

"म्हणजे बरंच झालं ना?" मी म्हणालो.

"मी तसं म्हटलेलं नाही," ती म्हणाली. पण माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पाकिटं बांधताना मला राहवलं नाही. आमच्याकडे मांस पांढऱ्या कागदात बांधतात आणि वर पेन्सिलीनं लिहितात, कुठला भाग, कुठलं वर्ष, कोणाची शिकार. नोरीन एकेका पाकिटावर सावकाश "हार्लन" लिहीत होती. एकतीस पाकिटं झाली.

"एक म्हणू का?" मी म्हणालो. "यात माझं नाव कुठेच नाही. टेकडीवर वाहून तर मी नेली."

नोरीननं माझ्याकडे बघितलं. "खरं आहे तुझं," ती म्हणाली, आणि बाजूला सारलेला एक लहानसा ढीग ओढून तिनं त्याचं बत्तिसावं पाकीट बांधलं. त्यावर बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि ते फ्रीझरमध्ये सगळ्यात वर, समोर दिसेल असं ठेवलं. मला खरंच बरं वाटलं. सकाळी कचेरीत जाण्याआधी मी मुद्दाम झाकण उघडून बघितलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं: "लायल. खडीसकट. टकरसाठी."

टकरला मी त्यातलाच एक तुकडा नरम करून दिला. त्यानं दोनदा हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन झोपला.