उंबरडोहच्या कोऱ्या काठीची हकीकत

॥ श्री ॥ रानदेवतेस दंडवत, सिंहासनास मुजरा, आणि जी माशी देवास जुमानीत नाही व राजास ओळखीत नाही तिजलाही दुरून रामराम घालून हे वर्तमान लिहिले आहे. शके सोळाशे एकूणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरे, श्रावणमासी, एका राज्यात थोर अनर्थ गुदरला, तो ऐसा जे, त्या राज्याचा गड उंच, नदी खोल, आणि पागा नामांकित होती. परंतु दरसाल पाऊसकाळी नदीकाठच्या रानातून तांबड्या डोळ्यांची गोमाशी उठे, आणि जनावरांस चावे घेऊन रक्त काढी, आणि चावलेल्या घोड्यास ताप भरे, मग पोटाखाली सूज येई, मग दाणा खाऊनही घोडा झडत झडत मरे. वैद्य जाहले, मांत्रिक जाहले, माशीने कोणाची भीड धरिली नाही. तेव्हा थोरल्या महाराजांनी तोड काढिली, जे नदीकाठी दर गावच्या वेशीवर उंच काठी रोवावी, आणि ज्या घरच्या जनावरास पहिली माशी चावेल त्या घराने काठीस काळे घोंगडे चढवावे, म्हणजे माशी कोठवर आली हे गडावरून दिसेल, आणि त्या गावी पागा चरावयास उतरणार नाही. घोंगडे सरकारातून मिळे. रयत डोळ्यांत तेल घालून माशी पाही आणि घोडी वाचत. पुढे नरसोपंत कारभारी जाहले. ते हुजूर बोलिले जे, "माशी रयतेच्या घरी, मग घोंगडे सरकारच्या घरचे का?" आणि हुकूम फिरला जे ज्याची माशी त्याचे घोंगडे, आणि दसरा होईतो ते उतरू नये. दरबाराने माना डोलाविल्या आणि पंतांस शालजोडी दिली. पावसात ज्यांस एकाच घोंगड्याचा आसरा, त्यांस कोणी पुसले नाही.

ते समयी पागेचा दारोगा चांगोजी खराडे म्हणून होता. मनुष्य खरा, बोलणे थोडे, आणि घोड्यांवर माया अशी की शिंगरू शिंकले तरी याचा घास अडे. त्याची एकुलती लेक साळूबाई खाली उंबरडोह गावी दिली होती. जावई मोहिमेवर गेलेला, घरी अंथरुणास खिळलेला सासरा आणि साळूबाईचे तान्हे मूल. चांगोजी रोज प्रातःकाळी बुरुजावर चढे आणि सर्व काठ्या पाही, परंतु पहिली नजर उंबरडोहाकडे जाई, आणि काठी कोरी दिसली म्हणजे लेक सुखी आहे ऐसे समजून तो खाली उतरे. त्या साली वरल्या अंगाच्या काठ्या एकामागून एक काळ्या जाहल्या, आणि उंबरडोहची तेवढी कोरी राहिली. गडावरले गवत सरले. घोडी एकमेकांची आयाळ चावू लागली. मग महाराजांनी सदरेवर मसलत केली आणि पुसिले, "उंबरडोही गवत ढोपरभर आहे, परंतु काठीचा भरवसा काय?" आणि चांगोजी, ज्यास सदरेवर कधी कंठ फुटत नसे, छाती पुढे करून बोलिला, "खावंद, माझी लेक तेथे नांदते. माशी आली असती तर पहिले घोंगडे तिणे चढविले असते." महाराज संतोषले, पागा उतरली, आणि घोडी गवतात शिरली ती माना वर करीनात.

आणि पंधरवडा लोटला नाही तो घोडी तापली. चांगोजी धावत खाली गेला तो काठी कोरीच, आणि घोड्यांच्या पोटांवर माशा दाटलेल्या. त्याची हातची वाढविलेली हिरणी घोडी त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली आणि तेथेच गुडघे टेकून बसली ती पुन्हा उठली नाही. मग चांगोजीने गाव चावडीवर गोळा केला आणि पुसिले, तो पाटील बोलिले, "माशी व्हय? आली आसंल की. पर पयली आमच्या दारात न्हाई. आधी कुंभाराच्या गाढवाला चावली." कुंभार बोलिला, "माझ्या गाढवाला? आवो, त्याच्या आधी तेल्याचा बैल लंगडत हुता." आणि तेल्याने कानांवर हात ठेविले. सर्वांनी माशी पाहिली होती, परंतु पहिली माशी कोणाचीच नव्हती, कारण पहिलीस घोंगडे लागत होते आणि दुसरीस काही लागत नव्हते. आळीमिळी गुपचिळी करून अवघा गाव घोड्यांचे मरण पाहत बसला होता.

मग चांगोजी लेकीच्या घरी आला. साळूबाई चुलीपाशी बसली होती आणि मूल घोंगड्यात गुंडाळून उराशी धरिले होते. बापाने काही पुसण्याआधी तीच बोलिली, "आबा, पयली माशी आपल्याच कपिलेला चावली. म्या डोळ्यांनी बघितली." चांगोजीस वाटले की भिंत अंगावर आली. तो बोलिला, "आन घोंगडं?" ती बोलिली, "घरात येकच हाय. भाईर झड लागलेली, पोर तापानं फणफणत हुतं. तुमची घोडी हितं येतील ह्ये मला काय ठावं? काठीला बांधायला गेल्ते, आबा. वेशीपातूर गेले. मग पोरगं खोकलं, तशी माघारी आले." चांगोजीने मारावयास हात उचलिला. आजवर त्याने लेकीवर हात उचलिला नव्हता. तितक्यात घोंगड्यातून मुलाने मूठ बाहेर काढिली, आणि म्हातारा खाली बसून घळघळा रडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शिक्षा करावी ती कोणास?

पागेतून मोजकी घोडी परत गडावर चढली. दरबार भरला. नरसोपंत गरजले, "पहिली माशी कोणाचे घरी चावली ते नाव पाहिजे. त्या घरास नांगर लावावा आणि माणसे राज्याबाहेर घालावी." महाराजांनी चांगोजीकडे पाहिले. आता चांगोजीस खरे ठाऊक होते, आणि ते इतुकेच होते जे गरिबाचे पांघरूण मागाल तर गरीब माशी लपवील. सरकारचे घोंगडे द्या, म्हणजे काठी पुन्हा खरे बोलेल. हे शब्द त्याच्या जिभेवर आले. परंतु हे बोलावे तर कोण्या गरिबाने लपविली ते पुसतील, आणि पुसले म्हणजे साळूबाई आणि ते मूल भर पावसात उघडी पडतील. मग तो पागोटे काढून भुईवर ठेविता जाहला आणि बोलिला, "खावंद, घोंगडे चढले होते, मग झडीत उडून गेले. मजलाच दिसले नाही. नजर गेली आहे." महाराजांस दुःख जाहले, परंतु त्यांणी त्याची तलवार काढून घेतली आणि त्यास गडाखाली घातले. पंत बोलिले, "पहा, आमचे बंदोबस्तात खोट नव्हती, डोळ्यांत होती." आणि हुकूम होता तैसाच राहिला.

पुढील साली पाऊस लागला, आणि कोण्याच गावी कोणी घोंगडे चढविले नाही. नव्या दारोग्याचे डोळे तरणे होते. त्यास सर्व काठ्या लख्ख कोऱ्या दिसल्या. पंतांनी हुजूर अर्ज केला जे माशी राज्यातून निर्मूळ जाहली. मग तोफा सुटल्या, हत्तीवरून साखर वाटली, आणि शेजारच्या राज्यांतून उसनवार आणिलेली नवी पागा वाजत गाजत उंबरडोहाकडे निघाली. चांगोजी लेकीच्याच घरी राहत होता. तो ताशांचा आवाज ऐकून आपले घोंगडे घेऊन धावला आणि वेशीवरल्या काठीस बांधून, वाट अडवून उभा राहिला आणि ओरडला, "मागं फिरा! रान माशांनी भरलंय!" नवा दारोगा रायाजी घोड्यावरून उतरला. पोर सभ्य होते. त्याने म्हाताऱ्यास मुजरा केला आणि पुसिले, "बाबा, तुमचे जनावर कोणते चावले?" चांगोजी बोलिला, "मला जनावर न्हाई. गाय लेकीची." रायाजी बोलिला, "मग तुमच्या घोंगड्यास माशीचा अधिकार नाही. लेकीच्या गाईस पहिली चावली आणि आजवर लपविली, ऐसे लिहून देता?" चांगोजीने मागे पाहिले. साळूबाई दारात उभी होती आणि मूल तिचा पदर धरून पाय टाकावयास शिकत होते. मग रायाजीने घोंगडे उतरविले, पाणी पिळले, घडी केली आणि अदबीने म्हाताऱ्याच्या खांद्यावर ठेविले, आणि घोडी त्याच्या दोहो बाजूंनी गवतात उतरली.

सारांश, राज्यातील माशी दरबारी मेली आणि रानी राहिली. तिचे वर्तमान सर्वांस ठाऊक होते आणि सांगणारा कोणी नव्हता. त्या साली दसऱ्यास महाराज सीमोल्लंघनास पायी गेले.