चंद्रीची शाश्वत भागीदारी

आता जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच जाहीर करतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला लागून रंगुबाईचं हॉटेल आहे. तिथं मी हे सांगायला बसलो तेव्हा समोरच्या बाकावरचा टेम्पोवाला वैजनाथ पहिल्याच वाक्याला हसला. पण तेवढ्यात त्याच्यापुढं गरम कांदाभजी आली, म्हणून तो टिकला. तुम्हीही काही खायला घेऊन बसा.

तर, माझी म्हैस चंद्री इन्फ्लुएन्सर होती.

यात तिचा दोष नव्हता. माझी नात मोनिका हिनं चंद्रीचा रवंथ करतानाचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. अर्धे डोळे मिटून, जगाला काडीची किंमत न देता ती चघळत होती. लोकांना त्यात मनःशांती दिसली. नगरच्या कचेऱ्यांतले साहेब फायली बाजूला सारून तिच्याकडे बघू लागले. म्हणजे फायली आधीही बाजूलाच होत्या, आता कारण मिळालं.

लवकरच पेंडीच्या एका कंपनीची मोटार दारात आली. उतरल्या सुकन्या मॅडम. हुद्दा, ब्रँड-सहयोग प्रमुख.

"आबा, आम्हाला एकदाची जाहिरात नको. शाश्वत भागीदारी हवी. नातं हवं!"

"बाई, म्हैस इकायची न्हाई."

"विकू नका हो. तिनं फक्त आमची पेंड खायची. मनापासून."

करार झाला. चंद्रीनं पेंड हुंगली आणि तोंड फिरवलं. 'मनापासून' हे कलम जागच्या जागी धोक्यात आलं. मग मोनिकानं पेंडीच्या तळाशी रंगुबाईची भजी दडवली आणि चंद्रीनं घमेलं चाटून लख्ख केलं. मॅडम गहिवरल्या. "हीच ती प्रामाणिकता!" नंतर वास कशाचा म्हणून त्यांनी चौकशी केली, आणि त्यांचं डाएट पुढील आदेशापर्यंत स्थगित झालं.

एका नात्यातून दुसरी नाती निघाली, सगळी मॅडमच्याच कंपनीमार्फत. गादीची कंपनी आली, म्हणून मातीत बसणं बंद. शाम्पूची आली, म्हणून डबक्यात डुंबणं ब्रँडविसंगत ठरलं. हंबरण्याचा मसुदा मंजुरीसाठी पुण्याला जाई, आणि तो दुरुस्त होऊन येईपर्यंत हंबरण्याचं कारणच मिटलेलं असे. शेवटी दूध पावडरवाले आले. चंद्रीचं रेडकू थेट आचळाला लागतं, म्हणजे प्रतिस्पर्धी उत्पादनाचा उघड प्रचार होतो, असा त्यांनी आक्षेप घेतला. रेडकू लांब बांधलं गेलं. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. चंद्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, तर काजळाची एक कंपनी तयारच होती.

माझी बायको लंकाबाई कडाडली, "आवं, लेकराला आईचं दूध मिळंना, आन् तुमी कसली भागीदारी घिऊन बसलाय? मोडा ती!"

मॅडम गोड हसल्या. "शाश्वत म्हणजे शाश्वत, आबा. करार संपायची तरतूदच नाही."

"मंग बाजारात या. आमची बोलनी तितंच व्हत्यात."

अस्सल ग्रामीण वाटाघाटींचा व्हिडिओ मिळणार म्हणून मॅडम हौसेनं आल्या. आमच्याकडं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून काय ते सांगायचं. एकदा खूण झाली की माघार नाही. मी उपरणं टाकलं. दलाल वाल्मिक साक्षीला उभा राहिला. मी दोन बोटं दाबली: म्हैस मोकळी करा. मॅडमना काही कळेना. पण हाताला मोबाईलची सवय. त्यांचा अंगठा आपोआप माझ्या तळव्यावर खालून वर सरकू लागला. एकदा, दोनदा, सारखाच!

त्या खुणेचा आमच्या बाजारात अर्थ एकच: दाव्यासकट सगळा माल तुझा.

मी उपरणं उचललं, तरी अंगठा सरकतच होता. वाल्मिक ओरडला, "झाला सौदा! कंपनी आबाची!"

बाजाराचा शब्द कोण मोडणार? त्याच संध्याकाळी रेडकू आईला लुचलं. आता कंपनीची अध्यक्ष चंद्री आहे. संचालक मंडळ गोठ्यात बसतं. कोणताही ठराव मांडला की ती रवंथ करते, आणि तो एकमतानं मंजूर होतो. पूर्वीही असंच चालायचं, असं जुने संचालक सांगतात. मग सभा भजीसाठी तहकूब होते, अर्थात रंगुबाईच्याच...

"थांबा, आबा!" वैजनाथ बाकावरून उठला. "तुमच्या दारात म्हैस कंदी हुती? दोन शेळ्या हायेत, त्या बी मीच टेम्पोतून आनल्या! आन् पेंडीत भजी, मॅडमला भजी, मिटिंगीत भजी... रंगुबाई तुमाला रोज फुकाट च्या पाजती ती ह्याच्यापायी व्हय? आन् मी येडा, तिसरी प्लेट मागिवली की वो!"