मार्जिन क्लिअर

मास्तरांनी रिपोर्टाचा कागद दुकानाच्या काउंटरवर पसरला, कोपऱ्यावर कात्री ठेवली आणि तिसऱ्यांदा वाचला. बायकोच्या छातीतली गाठ काढून आठ दिवस झाले होते. बाकीचा मजकूर डोक्यावरून गेला, पण एक ओळ नेमकी कळली : ऑल मार्जिन्स क्लिअर.

टेलरला मार्जिन कोण शिकवणार? बत्तीस वर्षं ते प्रत्येक कोटाच्या शिवणीत दोन बोटं कापड आत सोडत आले होते. माणूस सुटला की तेवढंच कामाला येतं. आणि इथं तर सगळ्या बाजूंचं मार्जिन साफ! म्हणजे वाढवायला काही शिल्लकच नाही.

"त्याच्या खाली बघा, दाजी," मेव्हण्याने चष्मा सरसावला. तो विमा विकायचा, त्यामुळे आजारातलं आपल्याला कळतं अशी त्याची समजूत होती. "'नोड्स निगेटिव्ह.' निगेटिव्हमध्ये चांगलं काय असणार? ताईला यातलं अक्षर कळू द्यायचं नाही."

मास्तरांनी गिऱ्हाइकांचं काम बाजूला सारून शटर ओढलं. समोरचं दुसरं मशीन आठ दिवस झाकलेलं होतं. तिथून "अहो, दोरा संपलाय तुमचा" असं म्हणणारं कुणी नव्हतं. मास्तर सकाळपासून बिनदोऱ्याचं मशीन हाकत होते.

लग्नाच्या वर्षी बायकोने गडद हिरवं कापड आणलं होतं. लांब कोट हवा होता तिला. "गिऱ्हाइकांचं आटोपलं की शिवतो," मास्तर दर थंडीत म्हणायचे. गिऱ्हाइकं काही आटोपली नाहीत. आज त्यांनी कापड काढलं, खडू उचलला आणि थबकले. साऱ्या वस्तीचे खांदे तोंडपाठ, पण बायकोचं एकही माप ठाऊक नव्हतं.

टेप गळ्यात अडकवून ते तसेच वॉर्डात गेले. मेव्हणा मागोमाग.

"जरा उभी राहा. कोट शिवायचाय तुझा."

"आत्ता?" बायको हसली. मग तिचं हसू उतरलं. "अहो, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाल्या?"

"कुठं काय!"

"मग भर दिवसा दुकान बंद ठेवून माझी मापं कशाला घेताय?"

ताईला कळू द्यायचं नाही असं ठरवणाऱ्या मेव्हण्यानेच पहिला हुंदका दिला. बायकोने दुसरा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना काहीच माहीत नव्हतं, पण त्याही पदर... छे, उशीच डोळ्यांना लावून सामील झाल्या. नर्स धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"वाईट आहे असं कुणी सांगितलं?" कागद वाचून त्या म्हणाल्या. "काढलेल्या भागाच्या कडांना कॅन्सरची एकही पेशी नाही, म्हणजे मार्जिन क्लिअर. काखेतल्या गाठी निगेटिव्ह, म्हणजे आजार तिथंही पोचलेला नाही. रेडिएशन घ्यावं लागेल, पण बातमी चांगली आहे!"

"मी तेच म्हणत होतो," मेव्हणा म्हणाला.

मास्तर स्टुलावर बसले. बराच वेळ नाक पुसत राहिले. मग उठून त्यांनी टेप गुंडाळली. "चला, म्हणजे कोटाची घाई नाही. बँडवाल्यांचे बारा कोट परवा द्यायचेत, तेवढे आटोपले की..."

"टेप काढा," बायको म्हणाली.

ऑपरेशनपासून तिचा त्या बाजूचा हात वर जातच नव्हता. व्यायाम शिकवणारी बाई रोज विनवून थकली होती. आता तिने दात आवळले आणि हात हळूहळू उचलत खांद्याच्या रेषेत आणून धरला.

"घ्या माप."

मास्तरांनी बाही तीनदा मोजली. तिन्ही वेळा वेगळी भरली.