फितीवरचा हुद्दा

"फितीवर हुद्दा काय घालू?" फुलवाल्याने फोनवर विचारलं.

"हुद्दा नको. नुसतं नाव घाला. दो बोंग-ग्यू."

"नुसतं नाव?" फुलवाल्याचा आवाजच पडला. "अहो साहेब, माणसापेक्षा उंच तीन मजली फुलं पाठवताय, आणि खाली नुसतं नाव? लोक हसतील. माझ्या दुकानाला हसतील! बरं, बघतो मी."

त्या 'बघतो मी'चा बोंग-ग्यूला जराही संशय आला नाही. चित्रकार माणूस तो. गेली सहा वर्षं तो सोलमधल्या गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या कॅनव्हासवर रंगवत होता आणि गेली सहा वर्षं सोलमधल्या गॅलऱ्या त्याला दाद देत नव्हत्या. ई-मेलला उत्तर नाही. फाईल घेऊन स्वतः गेला, तर काउंटरवरच्या बाईने ती ज्या ढिगावर ठेवली, तो ढीग तिच्या खुर्चीपेक्षा उंच होता. बायको मल-सुक बाजारात तोंडीलावण्याचं दुकान चालवायची, आणि संसारही तीच चालवायची. परवा तिने निकाल देऊन टाकला. "ही शेवटची गॅलरी. नाही जमलं, तर एक तारखेपासून माझ्या भावाच्या टायरच्या दुकानात."

तेव्हा कॉलेजातल्या एका सीनियरने कानमंत्र दिला. "फाईल काखेत मारून गेलास की कामातून गेलास. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फुलं पाठव. पाहुण्यासारखा जा, चहा पी, तोंडओळख होऊ दे. चित्रांचं नाव दुसऱ्या भेटीत."

सल्ला सोळा आणे बरोबर होता. शनिवारी दुपारी धाकट्या भावाचा सूट चढवून बोंग-ग्यू टेकडीवरच्या सोलबाट गॅलरीपाशी पोचला. दाराशी फुलांची रांग लागली होती. मधोमध त्याची फुलं, आणि फितीवर वीतभर अक्षरांत: 'अध्यक्ष दो बोंग-ग्यू'.

तो ती फीत दुमडून फुलांत खुपसू लागला, तेवढ्यात आतून मालकीण हान बाई लगबगीने आल्या.

"अय्या, फीत तुम्ही का नीट करताय? आमची माणसं आहेत ना! आपणच अध्यक्ष दो?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? पण बाई कमरेत वाकल्या. तो त्यांच्याहून खाली वाकला. मग बाईंच्या मागची सात माणसं वाकली. एकेकाला उत्तर देऊन तो सरळ झाला, तोवर 'नाही' म्हणायची वेळ टळून गेली होती.

त्याला सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसवलं. चहा आला.

"आपला उद्योग कसला?"

खोटं बोलणं त्याच्या रक्तातच नव्हतं. "पाण्याच्या टाक्या," तो म्हणाला.

"वा! किती झाल्या?"

"दोनशेच्या वर."

"आणि चित्रांचा संग्रह असेलच?"

"आहे थोडा. एकाच चित्रकाराचा."

"दाखवा की!"

त्याने फोन पुढे केला. बाई एकेक चित्र मोठं करून बघू लागल्या आणि त्यांची बडबड थांबली. एका निळ्या टाकीपाशी त्या कितीतरी वेळ रेंगाळल्या. बोंग-ग्यूचा जीव टांगणीला लागला.

"कुठे होता हा माणूस इतके दिवस?"

तुम्हालाच ई-मेल करत होता, हे वाक्य त्याने चहाबरोबर गिळलं.

"कुठल्या गॅलरीकडे आहे?"

"कुठल्याच नाही."

"नंबर द्या त्याचा. आत्ता!"

आता आली पंचाईत. स्वतःचा नंबर द्यावा, तर फोन बाईंच्याच हातात वाजणार. त्याने मल-सुकचा नंबर देऊन टाकला. शनिवारची गर्दी, ती कशाला उचलते!

तिने पहिल्याच रिंगला उचलला. अध्यक्षांनाही ऐकू यावं म्हणून बाईंनी स्पीकर लावला.

"चित्रकार आहेत का? मी सोलबाट गॅलरीतून बोलतेय."

"ते तिकडेच आलेत की! भावाचा सूट घातलाय, पँट आखूड आहे. दिसले नाहीत?" मल-सुक बोलतच राहिली. "बरं झालं तुम्हीच फोन केलात. एक विचारू बाई? खरं सांगा. आमच्या यांची चित्रं वाईट आहेत का? असली तर तोंडावर सांगा, मी गुपचूप टायरच्या दुकानात धाडते. पण चांगली असली, तर तसं एकदा तरी म्हणा हो त्यांना. सहा वर्षांत कुणी 'नाही'सुद्धा म्हटलेलं नाही. जेवता जेवता भिंतीकडे बघत बसतो माणूस."

बाईंनी बोंग-ग्यूच्या पँटकडे पाहिलं. सातही माणसांनी पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याच वेळी आपली बायको फार म्हणजे फारच आवडली.

"वाईट नाहीत, ताई," हान बाई सावकाश म्हणाल्या. "मुळीच नाहीत. मंगळवारी अकराला पाच चित्रं पाठवा."

"पाचच? इथे दोनशे पडलीत. टेम्पो करून सगळीच पाठवते, तुम्ही निवडत बसा. आणि प्रदर्शन कधी, तेही मंगळवारीच ठरवू. पुढे माझा लोणच्यांचा हंगाम आहे."

"बरं," हान बाईंच्या तोंडून निघून गेलं.

फोन ठेवून त्या बोंग-ग्यूकडे वळल्या.

"चित्रं तुमची लावते," त्या म्हणाल्या. "पण यापुढे बोलायला ताईंना पाठवा."