डिकीवरचा वाकडा पट्टा

गॉर्डीने डिकीवरचा पांढरा पट्टा सरळ करून टाकला आहे, हे लेस्टरच्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली. तोवर तो ओहायोहून आणलेल्या रेडिओच्या बटणांचं कौतुक सांगत होता. बटणं अस्सल होती, १९७० सालचीच, आणि त्यातलं एक अस्सलपणे चिरलेलंही होतं. मग त्याची नजर गाडीच्या मागच्या अंगाला गेली आणि तो बोलता बोलता रंगाच्या उलट्या डब्यावर मटकन बसला.

"कसा झालाय?" गॉर्डीने हात पुसत विचारलं. "जुना रंग पार पत्र्यापर्यंत घासून काढला. निळा मारला, वर पट्टे मारले. आता फूटपट्टी लावून बघ, केसाचा फरक सापडायचा नाही."

"गॉर्डी, तो पट्टा वाकडा होता."

"म्हणून तर!"

"अरे, तो वाकडाच ठेवायचा होता!"

"मला वाटलं, तू जिवाला लावून घेतलंयस," गॉर्डी म्हणाला. "रोज संध्याकाळी त्या वाकड्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत उभा असायचास. म्हटलं, बिचाऱ्याला बोलवत नाही, आपणच करून टाकू."

लेस्टरने कपाळाला हात लावला. गॉर्डी त्याचा सख्खा मेहुणा, लोरेटाचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं फ्लिंटमध्ये त्याने आपटलेल्या, चेपलेल्या गाड्या ठोकून रंगवून दिल्या होत्या. वाकडं दिसलं की त्याचे हात शिवशिवत. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना उठून भिंतीवरची तसबीर सरळ करून येणारा माणूस तो. त्याच्या हवाली वाकडा पट्टा करून दिवसभर परगावी जाणं म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर बसवणं, आणि हा शहाणपणा लेस्टरने स्वतःच केला होता.

एरवी गाडी कारखान्यातून निघाली तशीच्या तशी करायची, हा लेस्टरचा हट्ट सगळ्या गावाला पाठ होता. क्लबातले इतर लोक आपल्या जुन्या गाड्या आरशासारख्या चमकवत आणि लेस्टर त्यांना हसे. "आम्ही अशा गाड्या बनवतच नव्हतो," तो म्हणे. "मिनिटाला एक गाडी पुढे सरकायची. चमकवायला वेळ होता कुणाला?" एकतीस वर्षं त्याच कारखान्यात काढलेल्या माणसापुढे कोण बोलणार? इंजिनामागच्या पत्र्यावर तपासनिसाची पिवळ्या खडूची फुली होती, ती त्याने होती तिथेच पुन्हा काढली. दाराच्या आतल्या कडेला रंगाचा एक ओघळ होता. तो त्याने गॉर्डीकडून मुद्दाम पुन्हा पाडून घेतला, तेव्हा गॉर्डीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. गाडी उघडण्याआधी लेस्टरने सहाशे बारा नटबोल्टांचे फोटो काढून ठेवले होते. वाकड्या पट्ट्याचा मात्र एकही काढला नव्हता. तो विसरण्यासारखा आहे असं त्याला कधी वाटलंच नाही.

कारण तो पट्टा त्याने स्वतःच वाकडा केला होता.

तेव्हा लेस्टर वीस वर्षांचा होता. पट्ट्यांवर रंगाचा फवारा मारण्याआधी त्यांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावायची, हे त्याचं काम. एका हाताने पट्टी ताणायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबत न्यायची. मार्चमधल्या एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीला सीट शिवणाऱ्या मुली त्याच्या जवळून गेल्या. त्यातल्या लाल रुमालवालीने वळून पाहिलं आणि ती हसली. लेस्टरचा अंगठा सुटला. उजव्या कोपऱ्यात पट्टी गव्हाच्या दाण्याएवढी आत गेली आणि वर रंग बसून गेला. फोरमन बर्डिकला ते दिसलं तेव्हा त्याने लेस्टरला असं काही झापलं की शेजारच्या खात्यातल्या लोकांनी माना वर काढल्या. गाडी मात्र तशीच पुढे गेली, कारण लाइन कुणासाठी थांबत नसे. दुसऱ्या दिवशी तीच लाल रुमालवाली आपणहून त्याच्याशी बोलायला आली. वर्षभरात लग्न झालं.

"ही माझ्याकडे बघून हसली आणि माझा अंगठा सुटला," हे लेस्टरने एकोणपन्नास वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. लोरेटा दर वेळी म्हणायची, "बरं बरं, सूप गार होतंय." चार वर्षांपूर्वी ती गेली. मग सांगायला पाहुणेही उरले नाहीत आणि सूप गार होतंय म्हणणारंही कुणी उरलं नाही. तेव्हा लेस्टरने ती गाडी शोधायला घेतली. नेमकी कुठली गाडी हवीय हे त्याने कुणाला सांगितलं नाही; लोक त्याला वेड्यात काढत होते. पण दोन उन्हाळ्यांपूर्वी इंडियानातल्या एका गोठ्यात, कोंबड्यांनी अंडी घातलेल्या एका गाडीच्या डिकीवरून त्याने अंगठा फिरवला आणि उजव्या कोपऱ्यात तो आपोआप आत वळला. लेस्टर त्या कोंबड्यांसमोर उभा राहून ढसाढसा रडला होता.

आता तो कोपरा पॉलिश कागदाखाली भुकटी होऊन गॅरेजच्या फरशीवर पडला होता.

लेस्टरकडून हे सगळं ऐकल्यावर गॉर्डीने हातातलं फडकं खाली टाकलं. मग म्हणाला, "मला कधी सांगितलं नाहीस ते!"

"तुला दोनशे वेळा सांगितलंय."

"हसल्याचं सांगितलंस. ही तीच गाडी आहे, हे कुठे सांगितलंस?"

सांगितलं असतं तर सगळ्यांनी त्याच्याकडे कनवाळूपणे पाहिलं असतं, आणि ते त्याला नको होतं.

"रडतोस काय? पुन्हा वाकडा कर," गॉर्डी म्हणाला. "शनिवारी गाड्यांचं प्रदर्शन आहे, तीन दिवस पडलेत. सरळ करायला अक्कल लागते, वाकडं काय, कुणालाही जमतं."

गॉर्डीने पट्टा घासून काढला, खालचा निळा पुन्हा मारून वाळवला आणि चिकटपट्टीचं रीळ लेस्टरच्या हातात दिलं. लेस्टरने पट्टी ताणली, अंगठा नेला, कोपऱ्यात मुद्दाम सोडला. पट्टी सरळ. दुसरी लावली, तीही सरळ. एकतीस वर्षांत अंगठ्याला जी सवय जडली होती, ती तो सोडायला तयार नव्हता. डाव्या हाताने लावली तर ती नागमोडी झाली.

"हे चालेल," गॉर्डी म्हणाला.

"हे वाकडं नव्हे. हे म्हातारपण आहे."

"मग आधी मापून खुणा कर आणि त्यावरून लाव."

तसंही केलं. कोपरा बरोबर गव्हाच्या दाण्याएवढा आत गेला. लेस्टरने दूर जाऊन पाहिलं आणि मान हलवली. "हा नकाशा काढल्यासारखा दिसतोय. तो घसरलेला होता."

गुरुवारी गॉर्डीला युक्ती सुचली. त्याने बायकोचा लाल रुमाल डोक्याला बांधला, जेवणाचा डबा हातात घेतला आणि लेस्टर पट्टी लावत असताना गाडीजवळून मुरकत गेला. कोपऱ्याशी वळून हसला. गॉर्डीला खालचे पुढचे दोन दात नव्हते.

पट्टी दोरीसारखी सरळ लागली.

"काहीच झालं नाही?" गॉर्डीने जरा दुखावून विचारलं.

"झालं. पण अंगठ्यापर्यंत पोचलं नाही."

शुक्रवारी लेस्टरने मार्लिन ग्रुबरला बोलावलं. मार्लिन चार घरं पलीकडे राहायची, आणि लोरेटाच्या शेजारच्या मशीनवर बारा वर्षं बसली होती. त्या बुधवारी लोरेटाच्या बरोबरीने चालणारी तीच. आता गुडघ्यांनी तिला जेरीस आणलं होतं, तरी ती हातात ॲपल पायची थाळी घेऊन डुलत डुलत आली.

"तू फक्त तेवढं दाखव," लेस्टर म्हणाला. "तुम्ही कुठून आलात, कुठे वळलात. ती माझ्याकडे बघून हसली तेव्हा नेमकी कुठे होती?"

मार्लिनने थाळी टेबलावर ठेवली, मग खुर्ची ओढली, मग घसा खाकरला. बायका असं करू लागल्या की काही धड ऐकायला मिळत नाही, हे लेस्टरला एकोणपन्नास वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

"लेस्टर, आता तिला जाऊन चार वर्षं झाली, म्हणून सांगते. ती तुझ्याकडे बघून हसली नव्हती रे."

गॉर्डीने ॲपल पायचा उचललेला तुकडा परत ठेवला.

"मग कुणाकडे बघून?"

"बर्डिककडे. तो तुझ्या मागे उभा होता."

"फोरमन बर्डिक?" लेस्टरचा आवाज चिरकला. ज्या एका हसण्यावर त्याने अख्खा संसार उभा केला होता, ते बर्डिकचं निघालं! तो गाडीकडे वळला. चेहरा दिसू नये म्हणून हाताला काहीतरी हवं होतं, म्हणून त्याने रीळ उचललं आणि डिकीच्या वरच्या टोकाला पट्टी चिकटवून खाली न्यायला लागला. "बरं. सांग पुढे. सांगायला काय हरकत आहे."

"अरे, तसलं काही नाही! बर्डिकला टक्कल होतं ना, तो केसांचा टोप घालायचा."

"ते सगळ्या कारखान्याला माहीत होतं."

"त्या दिवशी सकाळी तो आमच्या खात्यात ओरडायला आला. मोठा पंखा चालू होता. हा त्याच्यासमोर उभा राहून हातवारे करतोय, आणि टोप गेला उडून. पडला तो नेमका लोरेटाच्या मशीनवर, कापसाच्या ढिगात. तिने वर पाहिलं नाही की खाली पाहिलं नाही. कापूस भरला आणि शिवली सीट."

लेस्टरचा अंगठा थांबला. "टोपासकट?"

"टोपासकट! आणि सीट गेली पुढे. बर्डिक टेबलांखाली शोधतोय आणि ही त्याला म्हणते, 'काही हरवलंय का साहेब?' दिवसभर बिचारा कानापर्यंत टोपी ओढून हिंडत होता. दुपारी आम्ही तुमच्या इथून जात होतो, तर हा टोपी घालून उभा. मी लोरेटाच्या कानात म्हटलं, 'आता अमेरिकेत कुणीतरी जन्मभर बर्डिकच्या डोक्यावर बसणार.' झालं! तिला हसू आवरेना."

लेस्टरने आवरायचा प्रयत्न केला. खांदे हलू लागले. एकतीस वर्षं ज्या माणसाच्या शिव्या त्याने खाल्ल्या, त्या माणसावर टेक्सासमधलं कुणीतरी जाडंजुडं कुटुंब ऐसपैस बसलेलं त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याच्या तोंडून हसण्याचा एक फवाराच उडाला.

"हलू नकोस!" गॉर्डी ओरडला.

लेस्टरने खाली पाहिलं. उजव्या कोपऱ्यात पट्टी आत गेली होती. मापून काढल्यासारखी नव्हे. घसरलेली. त्याने त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठा आपोआप वळला.

गॉर्डीचा हात सवयीने ती सरळ करायला पुढे झाला. मग त्याने तो मागे घेऊन खिशात घातला, आणि जाऊन गाडीची मागची सीट चाचपून आला. "यात नाहीये," तो निराश होऊन म्हणाला.

"पण मग दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली कशाला?" लेस्टरने डोळे पुसत विचारलं. डोळ्यांत पाणी हसण्याचंच होतं, असं त्याने तरी ठरवलं.

"जेवून परतताना बर्डिक तुला झापताना दिसला. तिला वाईट वाटलं. म्हणाली, 'राग टोपाचा, आणि निघाला त्या पोरावर.' ती माफी मागायला आली होती. पण तू तिला एक अक्षर बोलू देशील तर ना! आणि माझ्या घरी येऊन मला म्हणाली, 'काय बोलतो गं हा, ऐकत राहावंसं वाटतं.'"

"मग तिने मला हे कधी सांगितलं का नाही?"

"मी तिला किती वेळा म्हटलं, खरं काय ते सांगून टाक. ती म्हणायची, 'राहू दे गं. इतक्या हौसेने सांगतो.'"

लेस्टर पट्ट्याकडे बघत राहिला. त्याला लोरेटाची फार आठवण आली, आणि त्याच वेळी ती आत्ताच दारातून बाहेर गेली असावी असंही वाटलं. मग गॉर्डीने तोंडाला फडकं बांधलं आणि फवारा सुरू केला.

शनिवारी मैदानात पंच आला. तिशीचा, हातांत पांढरे हातमोजे, खिशात बॅटरी. त्याने गाडीखाली सरपटत जाऊन बोल्ट तपासले, खडूची फुली पाहिली, ओघळ पाहून खूश झाला. डिकीपाशी मात्र तो थांबला.

"हा पट्टा इथे आत गेलाय. दोन गुण कापावे लागतील. कारखान्यातून अशी गाडी सुटणं शक्यच नाही."

जन्मभर वाकडं सरळ करत आलेला गॉर्डी तांबडालाल झाला. "शक्य नाही? हा समोर उभाय तोच कारखाना आहे! तुझा बाप रांगत होता तेव्हा याने—"

"गॉर्डी, गप्प बस," लेस्टर म्हणाला. "कापा दोन गुण. कारणाच्या रकान्यात काय लिहिणार?"

"तुम्हीच सांगा, काय लिहू?"

"लिहा, कामगाराचं लक्ष कामात नव्हतं."

पंचाने खांदे उडवले आणि लिहिलं. लेस्टरने त्याच्याकडून खाली सही घेतली. दोन गुणांनी पहिला नंबर हुकला आणि करंडक दुसऱ्याच कुणी नेला. परतीच्या वाटेवर लेस्टरने दफनभूमीपाशी गाडी थांबवली आणि लोरेटाला तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. मग तिला बर्डिकच्या टोपाची गोष्टही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. ती तिला ठाऊकच होती. आपल्याला ठाऊक झालीय, एवढंच सांगायचं राहिलं होतं.