खंडूमामांचा फोन फुगला

आमच्या शेजारच्या खंडूमामांकडं जगातल्या प्रत्येक बिघाडावर उतारा असतो, आणि तो मेंढरांचा असतो. सकाळी माझ्या स्कूटीनं नखरे केले की मामा गॅलरीतून ओरडणार, "गारठलीय ती. जरा अंग चोळ तिचं!" फ्रिज घरघरला की म्हणणार, "धाप लागलीय, सावलीला सरकव." मला सर्दी झाली तेव्हा त्यांनी हळद-गुळाचा गोळा आणून दिला. त्याचा आकार बघूनच कळलं, हे औषध माणसाच्या घशाचं नव्हे!

बरं, हा माणूस तीस वर्षं चितेगावला कारखान्यात फिटर होता. पण लहानपण गेलं वेरूळकडच्या माळावर, थोरल्या भावासोबत मेंढरांमागं. ते काही अंगातून गेलं नाही. आता एकटेच राहतात.

फोनच्या बाबतीत मात्र मामांची तऱ्हा और. फोन कधी बंद करायचा नाही आणि चार्जरवरून काढायचा नाही. कुणाचाही फोन आला की "हां, बरा हाय, ठेव!" म्हणून पाच सेकंदांत तोडायचा, कारण लाइन मोकळी पाहिजे. कशासाठी, ते सांगत नाहीत.

मागच्या महिन्यात एका दुपारी हाक आली. "माय, जरा ये गं. फोन फुगलाय."

जाऊन बघते तर फोनचं मागचं झाकण पुरीसारखं वर आलेलं, तरी वायर लावलेलीच, आणि मामांच्या हातात पोती शिवायचं दाभण!

"मामा, हे काय?"

"वारं धरलंय त्यानं. मेंढी फुगली की डाव्या कुशीत दाभण घालायचं, फुस्स करून मोकळी. फकस्त ह्याची डावी कूस कंची, तेवढं सांग."

माझा जीवच उडाला. आधी वायर उपटली, मग दाभण हिसकावलं. "बॅटरी आहे ती! भोक पाडलं तर पेट घेईल, घर जळेल!"

"मेंढी कधी पेटली नाय."

"मेंढी चार्जिंगला लावता का तुम्ही?"

मी एका जुन्या पातेल्यात कोरडी वाळू घेतली, वर फोन ठेवला आणि आम्ही रिक्षानं शहागंजच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाकडं निघालो. रिक्षावाल्यानं पातेल्याकडं बघून विचारलं, "काय हाय चाचा?" मामा म्हणाले, "आजारी हाय. हळू घे."

दुकानदारानं फोन बघितला आणि कपाळाला हात लावला. "चाचा, रात-दिन चार्जिंग पे रखते क्या? इसीच से फूली. नई डाल देता, पर बंद करना पडता. एक घंटा लगेगा."

"बंद? मग नको." मामा पातेलं उचलून चालायला लागले!

भर बाजारात माझा पारा चढला. "मामा, जिवापेक्षा मोठा असा कुणाचा फोन येणार आहे?"

मामा दुकानाच्या पायरीवर बसले. "म्हसूचा. थोरला माझा. त्यानं मेंढरं राखली म्हणून मी साळंत गेलो. अजून तो कळपामागंच हाय. लिवता येत नाय, फोन बाळगत नाय. वाटंत कुणालाबी थांबवतो आन् लावाय सांगतो. एकच नंबर पाठ हाय त्याला, माझा. मागं एकदा बंद लागला, तर मी मेलो असं वाटून तीन दिस चालत आला. दारात मला बघितलं, शिव्या घातल्या, भाकर खाल्ली आन् परत गेला. पाय लई सुजले होते त्याचे."

मला माझ्या आवाजाची लाज वाटली. दुकानदारच म्हणाला, "इतनाच ना? सिम बाई के फोन में डालते." तासभर मामा माझा फोन दोन्ही हातांत धरून बसले. फोन काही आला नाही. नवी बॅटरी बसली, आणि भरली की वायर काढायची असं मामांनी माझी शपथ घेऊन कबूल केलं.

पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. "म्हसूदादांना माझाही नंबर पाठ करायला लावा," मी म्हटलं.

आठवड्यानं संध्याकाळी मामांची आरोळी आली, "माय, पळ! म्हसू हाय!" मी धावले. फोन स्पीकरवर होता. मामा माझा नंबर दोन-दोन आकड्यांनी सांगत होते, पलीकडून म्हातारा आवाज घोकत होता, आणि ज्याचा फोन होता तो मधूनच म्हणत होता, "आजोबा, आवरा की!"

"कुणाचा हाय ह्यो?" म्हसूदादांनी विचारलं.

"शेजारच्या पोरीचा. माझा लागला नाय तर हिला लाव. आन् मी नसलो तरी हिलाच लाव. ती सांगंल. चालत येऊ नको, म्हसू. तुझं पाय आता पैल्यासारखं नाय."

पलीकडं मेंढरं ओरडली. मग म्हसूदादा म्हणाले, "पोरीचा नंबर परत सांग. चुकाय नको."